केंदामा : आधी गुडघे, मग मनगट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाऊ ओसाकाहून येताना केंदामा (वाट्या आणि टोक असलेली लाकडी दांडी आणि तिला दोरीने बांधलेला भोकाचा चेंडू, असं जपानी खेळणं) घेऊन आला. तुम्ही 43 वर्षांच्या. तीन आठवडे रोज अर्धा तास झटताय, तरी चेंडू वाटीत बसत नाही, बसलाच तर लगेच उडी मारून बाहेर पडतो. टोकात तर एकदाही ओवला गेला नाही. 9 वर्षांची डावखुरी मुलगीही मागे लागलीय. वय आड येतंय, वस्तूच खराब आहे की आपलंच काही चुकतंय, आणि शिकायचं कोणत्या क्रमाने?

वयाचं आधी बाजूला ठेवू. मी 38व्या वर्षी सुरू केलं, तेही लाजेकाजेस्तव. तेव्हा आम्ही तोक्योत निशि-कासाईला राहत होतो. तिथल्या शाळांत पहिलीच्या मुलांना ‘मुकाशि आसोबी’, म्हणजे जुने खेळ, शिकवतात. वस्तीतले आजी-आजोबा वर्गात येतात आणि पोरांना भोवरा फिरवायला, ओतेदामा खेळायला (आपले सागरगोटेच, फक्त खड्यांऐवजी धान्य भरलेल्या कापडी थैल्या) आणि केंदामा धरायला शिकवतात. मी पालक म्हणून मदतीला गेलो होतो. मुलाच्या वर्गातली चिमुरडी ‘तुम्ही करून दाखवा ना’ म्हणाली, आणि पुढची दहा मिनिटं चेंडू माझ्या हनुवटीवर, मनगटावर, एकदा चष्म्यावर आपटत राहिला. शेवटी एक आजोबा आले, माझ्या हातातून केंदामा काढून घेतला आणि म्हणाले, ‘हिझा.’ हिझा म्हणजे गुडघा. मग त्यांनी मला रिकाम्या हाताने वीस अर्ध्या उठाबशा काढायला लावल्या. सगळा वर्ग बघत होता. त्याला आता 11 वर्षं झाली. शनिवारी मी स्वतः पोरांना शिकवतो आणि नव्या माणसाला पहिला शब्द तोच सांगतो.

म्हणून तुमचं काय चुकतंय ते न बघताही सांगतो. तुम्ही हाताने चेंडू उडवताय आणि हातानेच त्याला गाठताय.

हात खांद्यापासून आणि कोपरापासून फिरतो, त्यामुळे तो वर नेला की वाटेत वळण घेतो. दोरी त्या वळणाबरोबर तिरकी ओढली जाते आणि चेंडू तुमच्या तोंडाकडे येतो. मग त्याला पकडायला वाटी पुढे धावते, चेंडू खाली येतोय आणि वाटी वर जातेय, टक्कर होते, चेंडू उसळतो. ‘बसला तरी बाहेर उडी मारतो’ असं तुम्ही लिहिलंय ना, ते हेच. गुडघे वाकवून सरळ केले की मात्र सगळं अंग उभ्या रेषेत वर जातं, दोरीला सरळ वर झटका बसतो आणि चेंडूही सरळ वर येतो. वर पोचल्यावर क्षणभर तो थांबतो. खरंच थांबतो, चढण संपलेली असते आणि उतरण सुरू व्हायची असते. वाटी त्या क्षणी त्याच्याखाली सरकवायची आणि त्याच्याबरोबरच पुन्हा गुडघ्यात वाकत खाली यायचं. क्रिकेटमध्ये उंच झेल घेताना हात चेंडूबरोबर मागे नेतो, नाहीतर तळहात सुजतो आणि झेलही सुटतो, तसंच. म्हणजे एका झेलात गुडघे दोनदा वाकतात, एकदा उचलायला आणि एकदा झेलायला. नवशिके पहिलं वाकतात, दुसरं विसरतात.

एक आठवडा झेलायचंच नाही, असं करून बघा. दाराच्या चौकटीसमोर दोन हात अंतरावर उभ्या राहा. पाय खांद्याइतके फाकवून, ज्या हातात केंदामा त्याच बाजूचा पाय किंचित पुढे. चेंडू खाली लोंबू द्या आणि दुसऱ्या हाताने थोपवून अगदी स्थिर करा, कारण झुलणारा चेंडू सरळ वर जाणं शक्य नाही. आता चौकटीची उभी कड हा तुमचा ओळंबा. गुडघे वाका, उठा, चेंडू छातीपर्यंत येऊ द्या आणि नुसता पडू द्या. तो कडेला धरून वर गेला आणि कडेला धरूनच खाली आला का? अंगाकडे येत असेल तर कोपर दुमडतंय. कोपर बरगडीजवळ ठेवा, त्याला जवळपास सुट्टी द्या. अशी दहा उचलणी, मग विश्रांती, मग पुन्हा दहा. दहापैकी आठ वेळा चेंडू सरळ गेला की झेलायला घ्या. बहुतेकांना इथे पोचायला दोन-तीन दिवस लागतात, आणि पहिल्या दोन दिवसांत मांड्या भरून येतात. भरून आल्या नाहीत तर अजून हातानेच चाललंय.

आता वस्तूकडे बघू. फोटोवरून वाटतं की तुमचा केंदामा शोभेच्या दुकानातला असावा: वार्निश चकाचक, चेंडूवर फुलांची नक्षी, दोरी आखूड. शोभेचे केंदामे वाईट नसतात, पण त्यांच्या वाट्या उथळ, भोक अरुंद आणि चेंडू हलका असतो. दुधाच्या बूथवर मिळणाऱ्या बॅटने नेट प्रॅक्टिस करण्यासारखं आहे ते. स्पर्धेच्या केंदाम्याचा चेंडू 60 मिलिमीटर व्यासाचा असतो, संपूर्ण वस्तूचं वजन साधारण 140-150 ग्रॅम. 1975 साली स्थापन झालेल्या जपान केंदामा संघटनेने ही मापं ठरवली, आणि तिचा शिक्का असलेला कुठलाही केंदामा डोळे मिटून घ्यावा. यामागाता प्रांतातल्या नागाई गावात बनणारा ‘ओझोरा’ हा त्यातला सगळ्यांत प्रचलित. भाऊ पुन्हा जाणार असेल तर हाच आणायला सांगा. डेन्मार्कचे क्रोम, अमेरिकेचे स्वीट्स वगैरेही चांगले आहेत, पण त्यांच्या कित्येक चेंडूंवर चिकटसर रंग असतो. त्याने वाटीत बसवणं सोपं जातं, आणि पुढे साध्या रंगाचा चेंडू हातात आला की माणूस पुन्हा पहिलीत जातो. माझं मत: सुरुवात साध्या रंगावर करावी. माझे अर्धे विद्यार्थी हे ऐकत नाहीत.

जाता जाता एक. याचा उच्चार केंदामा, ‘द’ दगडातला. ‘केंडामा’ हे इंग्रजीच्या वळशाने आलेलं. मराठीत द आणि ड दोन्ही असताना आपण तो वळसा कशाला घ्यायचा? केन म्हणजे तलवार, तामा म्हणजे गोळा, जोडशब्दात त चा द होतो.

भाग ओळखून ठेवा, म्हणजे पुढचं समजेल. दांडी ती केन, तिचं टोक केनसाकी. दांडीवर आडवी बसवलेली, दोन्ही बाजूंना वाट्या असलेली पट्टी म्हणजे सारादो. तिची मोठी वाटी ओझारा, धाकटी कोझारा. दांडीच्या बुडाला तिसरी वाटी असते, ती चूझारा. नावाचा अर्थ ‘मधली वाटी’. चेंडूला एक मोठं भोक, आणि त्याच्या बरोबर समोर दोरीचं बारीक भोक. दोरी साधारण 38 ते 40 सेंटिमीटर. तुमची बरीच आखूड दिसते. आखूड दोरीने चेंडूला वर जायला जागाच मिळत नाही, तो मध्येच अडतो आणि झटका खाऊन फिरतो. दांडीवरून पट्टी ओढून काढली की आत दोरीची गाठ दिसेल, आणि चेंडूच्या भोकात एक मणी. दोन्हीकडून सोडवून बारीक, गुळगुळीत, न ताणली जाणारी दोरी ओवा. पतंगाचा मांजा नको, बोटं कापतील. सुती दोराही नको, चार दिवसांत पिंजतो.

खेळता खेळता दोरीला पीळ भरत जातो, हे फार जणांच्या लक्षातच येत नाही. पीळ भरलेली दोरी चेंडूला वर जाताना गरगरवते आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो. दर दहा-पंधरा प्रयत्नांनंतर केंदामा उंच धरा, चेंडू लोंबू द्या, तो आपला आपण उलटा फिरून मोकळा होईल.

क्रमाचं काम संघटनेनेच करून ठेवलंय. तिच्या परीक्षेच्या पायऱ्या दहाव्या क्यूपासून पहिल्या क्यूपर्यंत जातात, म्हणजे आकडा जितका लहान तितकी पायरी वरची, आणि पुढे कराटेसारख्या ‘दान’ नावाच्या वरच्या पायऱ्या. दहाव्या पायरीला मोठी वाटी, नवव्याला धाकटी, आठव्याला मधली, सातव्याला ‘रोसोकु’ म्हणजे मेणबत्ती, सहाव्याला ‘तोमेकेन’, पाचव्याला ‘हिकोकी’ म्हणजे विमान, चौथ्याला ‘फुरिकेन’, मग ‘जपानची प्रदक्षिणा’, ‘जगाची प्रदक्षिणा’ आणि पहिल्या पायरीला ‘तोदाई’, म्हणजे दीपगृह. प्रत्येक परीक्षेत दहा प्रयत्न मिळतात.

मोठ्या वाटीसाठी पकड अशी: अंगठा आणि तर्जनीने दांडी पट्टीच्या लगत चिमटीत धरायची, मधलं बोट आणि अनामिका खालच्या, म्हणजे धाकट्या वाटीला टेकवायची. मोठी वाटी आभाळाकडे, दांडी आडवी. धाकट्या वाटीला हीच पकड उलटी. मधल्या वाटीला मनगट वळवून टोक जमिनीकडे न्यायचं. मेणबत्तीत दांडी टोकाजवळ धरतात, मेणबत्ती धरावी तशी, आणि चेंडू बुडाच्या वाटीवर घेतात. या चौघांत नवं असं काही नाही, तेच गुडघे आणि क्रमाक्रमाने लहान किंवा लांब होत जाणारं लक्ष्य. यांत महिना घालवू नका. मोठी वाटी दहात सात वेळा जमली की इतर तीन आपोआप मागून येतात.

त्याऐवजी एक गोष्ट लवकर सुरू करा, परीक्षेच्या क्रमात ती वेगळी असली तरी: ‘मोशिकामे’. चेंडू मोठ्या वाटीतून मधल्या वाटीत, पुन्हा मोठ्या वाटीत, न थांबता. ससा-कासवाच्या शर्यतीवर जपानी मुलांचं एक गाणं आहे, त्याच्या पहिल्या शब्दांवरून हे नाव पडलं, आणि त्याच ठेक्यावर हे खेळतात. गोष्ट तीच, आपल्या बालभारतीतली. चेंडू फार उंच उडवायचा नाही, वीतभर पुरे. प्रत्येक ठोक्याला गुडघा हलका दबतो, मनगट पाव वळसा घेतं. सुरुवातीला तीन-चारवर तुटेल. मोजत राहा. ज्या दिवशी वीस ओलांडाल त्या दिवशी तोमेकेनला हात घाला, त्याआधी नको. मोशिकामेने गुडघ्यांना ठेका लागतो आणि तो डोक्यातून काढून टाकता येत नाही, लिफ्टची वाट बघतानाही गुडघे दबत राहतात. ऑफिसात लोक विचारतात.

आता तोमेकेन, म्हणजे लोंबता चेंडू सरळ वर उचलून टोकात ओवणं. तुम्हाला खरी हौस याचीच दिसते, आणि पहिल्यांदा जमल्यावर होणारा तो पोकळ ‘टॉक’ आवाज ऐकायला माझ्याकडे माणसं तासन्‌तास थांबतात.

पकड पेनसारखी, टोक वर, हात कमरेच्या उंचीवर. चेंडू दोन गुडघ्यांच्या मध्ये लोंबतोय आणि त्याचं भोक जमिनीकडे आहे. खरी अडचण पुढे आहे: वर जाताना चेंडू जरा कलंडला की भोकही कलंडतं आणि टोक कडेवर आपटतं. यावर भोवऱ्याचाच उपाय आहे. भोवरा फिरत असेपर्यंत उभा राहतो ना? दुसऱ्या हाताच्या बोटांनी चेंडूला हलकी फिरकी द्या, तो जागच्या जागी फिरू लागला की लगेच उचला. फिरणारा चेंडू आपला अक्ष सोडत नाही, भोक खालीच राहतं. फिरकी बेताची हवी, गरगर नको, नाहीतर दोरीच्या पिळाने तीच उलटते.

उचलताना पुन्हा गुडघे. चेंडू छातीच्या उंचीवर आला की नजर भोकावर, फक्त भोकावर. बहुतेक जण चेंडूच्या माथ्याकडे बघतात, कारण रंग तिथे दिसतो. त्यासाठी डोकं थोडं मागे ठेवून खालून बघावं लागतं. मग टोकाने वर भोसकायचं नाही. टोक भोकाखाली आणून ठेवायचं आणि चेंडूला त्यावर उतरू द्यायचं, गुडघे पुन्हा वाकवत. चेंडू स्वतःच्या वजनाने टोकावर येतो. माझी पहिली शंभर-सव्वाशे वेळा गेली ती भोसकण्यात, तेव्हाचे खड्डे चेंडूच्या भोकाभोवती अजून आहेत. खड्ड्यांची काळजी करू नका, भोकाची कड जरा झिजली की टोक उलट आत घसरतं.

विमानात उलटं असतं: चेंडू हातात आणि दांडी फेकायची. उडणारी दांडी पंख पसरलेल्या विमानासारखी दिसते म्हणून ते नाव. फुरिकेनमध्ये चेंडू पुढे झुलवून त्याला आपल्याकडे अर्धा-पाऊण फेरा घ्यायला लावून ओवतात. झुलता चेंडू पुढे गेला की त्याला हलकं मागे ओढायचं, तेवढ्याने तो फिरतो. प्रदक्षिणा म्हणजे जमलेल्या झेलांची माळ: जपानच्या प्रदक्षिणेत धाकटी वाटी, मोठी वाटी, टोक, जगाच्या प्रदक्षिणेत मोठीनंतर मधलीही. यांचं आत्ता बोलून उपयोग नाही, तोमेकेन दहात पाच झाल्यावर पुन्हा विचारा. दीपगृहाचं तर मीही फार बोलू नये. चेंडू हातात धरून दांडी त्याच्यावर उभी करायची आणि ती तशीच उभी ठेवायची. मला दोन वर्षं लागली, आणि आजही पाहुणे आले की होत नाही.

‘हे सगळं मुळात कुणी काढलं?’ असंही तुम्ही विचारलंय. फ्रान्समध्ये दांडी, दोरी आणि भोकाचा गोळा असा ‘बिल्बोके’ नावाचा खेळ फार आधीपासून होता. जपानमध्ये 1809 साली छापलेल्या एका पुस्तकात अशाच खेळाचं चित्र आहे, पण तिथे तो मुलांचा नाही, दारूच्या बैठकीतला आहे: चुकेल त्याने पेला रिचवायचा. दोन बाजूंना वाट्या असलेलं आजचं रूप हिरोशिमाजवळच्या कुरे शहरातल्या एगुसा हामाजी यांचं. त्यांनी 1919 साली त्याची नोंदणी केली. नाव दिलं ‘निचिगेत्सु बॉल’, सूर्य-चंद्र चेंडू: लाल चेंडू सूर्य आणि वाटीची कोर चंद्र. 1921 पासून तो हात्सुकाइचीत बनू लागला, कारण तिथे लेथवर लाकूड कातणारे कारागीर होते. समुद्रात उभ्या लाल तोरणाचे फोटो तुम्ही पाहिले असतील, ते मियाजिमा बेट आज याच शहरात येतं. 2014 पासून केंदाम्याचा विश्वचषकही तिथेच भरतो.

आणि मोठी वाटी ‘सोपी’ म्हणून तिला हसू नका. जपानच्या राष्ट्रीय वाहिनीवर 31 डिसेंबरच्या रात्री गाण्यांचा मोठा कार्यक्रम असतो. त्यात हिरोशि मियामा हे गायक गात असताना माणसांची लांब रांग एकामागून एक मोठ्या वाटीत चेंडू घेते, गिनीज विक्रमासाठी. 2018 साली सलग 124 जणांनी घेतला. 2023 साली विक्रम झाल्याचं जाहीर झालं, आणि मग चित्रीकरण पुन्हा पाहिल्यावर 16व्याचा चुकलेला दिसला. विक्रम मागे घ्यावा लागला. सगळा देश बघतोय म्हटल्यावर गुडघे ताठ होतात हो.

रोज अर्धा तास नको. दहा-दहा मिनिटं दोनदा करा. थकलेले गुडघे वाकत नाहीत आणि मग हात पुन्हा कामाला लागतो. मोजून दहा प्रयत्न, किती जमले ते कागदावर लिहायचं, मग पुढचे दहा. ‘एकदा जमलं की थांबते’ असं ठरवू नका, त्याने शेवटचे चाळीस प्रयत्न वैतागात जातात आणि अंगात तोच वैताग मुरतो. खाली जाड सतरंजी किंवा गोधडी अंथरा. आमच्या लाकडी फरशीवर चेंडू आपटायचा म्हणून खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दारात अतिशय नम्र चिठ्ठी ठेवली होती, तेव्हापासून मी गोधडीवर आहे. टीव्ही आणि देव्हाऱ्यापासून लांब. पायात चप्पल असू द्या. पायाच्या अंगठ्यावर पडलेला चेंडू विसरला जात नाही.

लेकीसाठी वेगळा केंदामा लागत नाही, प्राथमिक शाळेतली मुलं हाच वापरतात. दोरी मात्र तिच्या उंचीनुसार थोडी आखूड ठेवा, चेंडू लोंबवल्यावर तिच्या गुडघ्यापाशी यावा. डावखुरीसाठी पट्टी दांडीवरून काढून उलट फिरवून बसवायची, एवढंच. नाहीतर दोरी तिच्या बोटांवरून आडवी जाते आणि प्रत्येक उचलणीला अडकते. दोघींत एकच केंदामा असेल तर रोज पट्टी फिरवत बसू नका, बसणी सैल होते. भावाला दोन आणायला सांगा.